डॉक्टर कोणता, हे ठरवायचं कोणी?

या महिन्याच्या टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारलेला दिसला: मनाच्या आजारासाठी कुणाकडे जायचं, हे ठरवायचं कोणी? त्यातली चार पत्रं निवडली आहेत. नावं काढली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची आहे, तासगाव तालुक्यात राहते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला बायपोलरचं निदान झालं. तेव्हापासून सासऱ्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, व्हॅलप्रोएटची गोळी दोन वेळा. आता दोन वर्षं काही त्रास नाही. घरचं सगळं करते, शिवणकामही घेते. आम्हाला मूल हवं आहे. गरोदरपणात ही गोळी चालत नाही असं मोबाइलवर वाचलं. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे न बघता यांना सांगितलं, "सध्या घाई करू नका." कोल्हापूरला एक बाई डॉक्टर आहेत, माझ्या मावसबहिणीला त्यांचा चांगला गुण आला. मला त्यांच्याकडे जायचं आहे. सासरे म्हणतात, "तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा याच डॉक्टरांनी वाचवलं, आता तू डॉक्टर बदलणार?" हे म्हणतात, अशा पेशंटचा निर्णय कायद्याने घरचेच घेतात. खरं आहे का?

उत्तर : खरं नाही. सविस्तर सांगतेच, पण आधी गोळीचं बोलू, कारण ते जास्त तातडीचं आहे.

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. व्हॅलप्रोएटमुळे बाळाच्या मेंदूत, मणक्यात व्यंग राहण्याचा आणि पुढे त्याची बौद्धिक वाढ मागे पडण्याचा धोका वाढतो. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मणका घडतो, ती गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच तयार होते, म्हणजे पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून औषधातला बदल दिवस राहण्याच्या आधी, मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांच्या सल्ल्याने करायचा असतो. तोवर दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्या. आणि हे वाचून उद्या सकाळची गोळी टाळू नका. हे औषध एकदम तोडलं की आजार उलटतो. तसं झालं तर घरात तुमच्या म्हणण्याला उरलेलं वजनही जाईल. "बघ, म्हटलं नव्हतं?" हे वाक्य ऐकायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

आता तुमच्या यजमानांचा कायदा. ते सांगतात तो कायदा कुठला, मला माहीत नाही. आज जो लागू आहे तो २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २९ मे २०१८पासून अमलात आलेला. त्याचं कलम ४ तुमच्या घरात मोठ्याने वाचावं असं आहे. उपचाराबद्दलची माहिती ज्याला समजते, आपण हो किंवा नाही म्हटलं तर काय होईल याचा ज्याला अंदाज येतो, किंवा आपला निर्णय जो बोलून वा खुणेने सांगू शकतो, तो निर्णयक्षम. निदान कुठलं का असेना. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की, एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. सासऱ्यांना तुमचा निर्णय चुकीचा वाटतो. वाटू दे.

"रुग्णाला डॉक्टर बदलता येईल" अशी सरळ एका ओळीची तरतूद शोधाल तर मात्र सापडणार नाही. तिची गरजही नाही. उपचार तुमच्या संमतीने व्हायचे, तर संमती कुणाला द्यायची हे ओघानेच तुमच्याकडे आलं. शिवाय राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली, तिच्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. घरात तुम्ही "डॉक्टर बदलते" हे शब्द वापरूच नका. "बाळाच्या दृष्टीने एकदा दुसरं मत घेऊ" म्हणा. सासूबाईंना हे सासऱ्यांच्या आधी पटेल, असा माझा अनुभव आहे.

सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. ओपीडीत एक दृश्य रोजचं. पेशंट स्टुलावर, नातेवाईक मागे उभा, आणि डॉक्टरांचा प्रश्न पेशंटच्या डोक्यावरून मागच्याला: "झोपते का? जेवते का? गोळ्या घेते का?" समोर बसलेली बाई शिकलेली, शुद्धीवरची, ऐकतेय सगळं. एकीने तर मध्येच सांगितलं होतं, "डॉक्टर, झोपते मी. मला विचारा की." डॉक्टर हसले, पण पुढचा प्रश्न त्यांनी तिला विचारला. यात दरवेळी दुष्टावा असतो असं नाही. बाहेर केसपेपरची रांग लागलेली असते आणि नातेवाईक झटपट उत्तरं देतो. पण कलम २२ सांगतं की, आजार काय, उपचार काय ठरवलेत, त्यांचे दुष्परिणाम काय, हे पेशंटला त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं. "घाई करू नका" हे उत्तर त्यात बसत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ते तुम्हालाही दिलं नाही, यजमानांना दिलं.

तर करायचं काय? आधी कागद गोळा करा. जुन्या चिठ्ठ्या, रक्ताच्या तपासण्या, कधी ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड. घरात नसतील तर जुन्या डॉक्टरांकडे लेखी अर्ज करून नोंदींची प्रत मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम आहेत, त्यांनुसार अशी प्रत ७२ तासांत द्यायची असते. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, तिच्यावर पोच घ्या. तेही अवघड वाटलं तर निदान रिकाम्या स्ट्रिपांचे फोटो काढून ठेवा, गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असे. नव्या डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडते ती तुम्ही स्वतः लिहिलेली एक पानाची हकिगत. आजारपण कधी आलं, तेव्हा नेमकं काय होत होतं, कुठलं औषध आधी देऊन पाहिलं, कशाने वजन वाढलं, कशाने हात थरथरले. ज्या औषधाचा एकदा उपयोग झाला नाही तेच नव्या ठिकाणी पुन्हा सुरू होतं, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. आणि हो, नव्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या हाताशी ठेवा.

दुसरी गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. कलम १४प्रमाणे तुम्ही तुमचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकता. साध्या कागदावर, तुमच्या सहीने. वकील नको, स्टॅम्प नको. ज्याला नेमाल त्याची लेखी संमती हवी आणि तो सज्ञान हवा. तो नवरा असायलाच हवा असं नाही. बहीण चालेल, आई चालेल, भरवशाची मैत्रीणही चालेल. तुम्ही असं कुणालाच नेमलं नाही, तर उद्या आजार वाढल्यावर नातेवाइकाचा क्रम लागतो, म्हणजे व्यवहारात यजमानच. ते चांगले असतील तर त्यांनाच नेमा, माझी काही हरकत नाही. पण ती नेमणूक तुम्ही केलेली असू दे. प्रतिनिधी म्हणजे मालकही नव्हे. तुमच्या इच्छा लक्षात घेऊन तुम्हाला निर्णयाला मदत करायची, असं त्याचं काम कलम १७मध्ये लिहिलं आहे. आणि सासऱ्यांना नेमलेलं नसताना डॉक्टर त्यांना तुमच्या आजाराचं सगळं सांगत असतील, तर ते कलम २३च्या गोपनीयतेत बसत नाही.

हे सगळं कागदावरचं झालं. फीचे पैसे कुणाच्या हातात असतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही शिवणकाम करता, तेव्हा पहिल्या खेपेचे पैसे तुमचे असू देत. एसटीत बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे. खाजगी फी परवडली नाही तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मात्र सरकारी ओपीडीत अमुकच डॉक्टर हवेत असा आग्रह चालत नाही. त्या दिवशी जे बसले असतील ते तपासतात. बाई डॉक्टर असतील तर त्यांच्याकडे पाठवा, अशी विनंती केसपेपर काढताना जरूर करा.

आणि शक्य असेल तर यजमानांना बरोबर न्या. पहिली दहा मिनिटं मला एकटीला बोलायचं आहे, असं नव्या डॉक्टरांना आत गेल्या गेल्या सांगा. ज्या डॉक्टरांना या विनंतीचा राग येईल, ते बदलायला तुम्हाला माझ्या परवानगीची गरज नाही.

प्रश्न : मी नाशिकचा, बँकेतून निवृत्त. मुलगा २४ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. सहा महिन्यांपासून तो कुणा मानसशास्त्रज्ञ बाईंशी ऑनलाइन बोलतो, दर आठवड्याला बरेच पैसे देतो. माझं म्हणणं, एवढे पैसे घालवायचे तर मोठ्या सायकियाट्रिस्टला दाखव. तो ऐकत नाही. मी त्या बाईंना फोन करून काय चाललंय विचारलं, तर त्यांनी काही सांगायला नकार दिला. वडील म्हणून मला हक्क नाही का?

उत्तर : साहेब, नाही. उलट त्या बाईंनी तुम्हाला काही सांगितलं नाही, यावरून त्या आपलं काम नीट करतात असं मला वाटतं. बँकेत कुणाच्या वडिलांनी येऊन मुलाच्या खात्यातली शिल्लक विचारली असती, तर तुम्ही सांगितली असती का?

मुलगा सज्ञान आहे, पैसे त्याचे आहेत, निवड त्याची. तुम्ही एवढंच विचारा की, त्या बाईंची भारतीय पुनर्वास परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का. हा प्रश्न रास्त आहे, कारण "कौन्सेलर" अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतो. चार शनिवार-रविवारचा कोर्स केलेलेही लावतात. नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञांचं शिक्षण भक्कम असतं. त्यांना औषध लिहून देता येत नाही, आणि गरज वाटली तर चांगला मानसशास्त्रज्ञ आपणहून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. त्यांच्यात लहान-मोठं काही नसतं. काहींना बोलण्याने बरं वाटतं, काहींना गोळी लागते, पुष्कळांना दोन्ही.

मुलगा जेवत-झोपत नसेल, कामावर जात नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर मात्र फोनवर वाद न घालता पुण्याची गाडी पकडा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. पत्रावरून तुम्हालाच झोप कमी लागते आहे असं दिसतं.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वय ३८. आईवडील गेले, आम्ही दोघंच. तीन वर्षांपूर्वी आजार वाढला तेव्हा त्याला एका खाजगी रुग्णालयात ठेवलं होतं. तिथे त्याला दोन दिवस पलंगाला बांधून ठेवलं. आता तो बरा आहे, औषध घेतो, लायब्ररीत काम करतो. परवा म्हणाला, "ताई, पुन्हा तसं झालं तर मला तिथे नेऊ नकोस, वचन दे." मी वचन दिलं. पण आजारात तो कुणाकडेच जायला तयार नसतो. मग त्याचं ऐकायचं कसं?

उत्तर : वचन दिलंत ते बरं केलंत. आता ते कागदावर आणू या.

कायद्यात आगाऊ निर्देश नावाची सोय आहे, कलम ५. माणूस सज्ञान आणि निर्णयक्षम असताना लिहून ठेवू शकतो की, पुढे माझा आजार वाढला आणि मला ठरवता आलं नाही, तर माझ्यावर उपचार असे करा आणि असे करू नका, आणि माझ्या वतीने बोलेल ही माझी बहीण. भाऊ आज बरा आहे, म्हणून आजच बसा. त्याला बोलू द्या, त्याच्याच शब्दांत लिहा. कुठल्या डॉक्टरांचे उपचार हवेत, कुठल्या रुग्णालयात हवेत, कुठे नकोत, कुठल्या इंजेक्शनने मान आखडली होती, बांधलं की काय होतं, कुणी समजावलं तर तो ऐकतो. याचा ठरलेला नमुना असतो आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नोंद करायची असते. पत्ता सापडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात विचारा. तिथेही कुणी मान हलवली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मनाच्या आजाराच्या माणसाला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. निर्देश कितीही वेळा बदलता येतो. आणि त्याची प्रत डॉक्टरांच्या हाती देण्याची जबाबदारी तुमची आहे, हे विसरू नका. प्रत दिली नाही, तर तो पाळला नाही म्हणून डॉक्टरांना दोष देता येत नाही. एक घरी, एक सध्याच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये, एक तुमच्या मोबाइलमध्ये.

याच्या मर्यादाही सांगते. पसंतीच्या ठिकाणी त्या दिवशी खाट असेलच असं नाही, म्हणून दुसरं आणि तिसरं नावही लिहून ठेवा. जिवावर बेतलं असेल तर तातडीच्या उपचाराला निर्देश आडवा येत नाही. मात्र तो तातडीचा उपचार ७२ तासांपुरता. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला, तर त्याची तयारी नसतानाही प्रतिनिधीच्या अर्जावरून ॲडमिट करता येतं. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ. पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि त्याविरुद्ध त्याला मंडळाकडे दाद मागता येते. आजारात तो "नको" म्हणाला म्हणून हातावर हात ठेवून बसायचं, असं कायदा सांगत नाही. पण नेताना कुठे न्यायचं, हे त्याने शहाणपणी आधीच ठरवलेलं असेल, आणि तुमच्याही जिवाला ते बरं.

पलंगाला बांधण्याबद्दल. साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. बाकी कुठलंही बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा लगेच होणारी इजा टाळायला दुसरा मार्ग नसतो. तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून, गरजेपुरतंच, आणि २४ तासांच्या आत प्रतिनिधीला कळवून. माणसं कमी आहेत म्हणून बांधलं, ओरडतो म्हणून बांधलं, हे चालत नाही. तुम्हाला कळवलं होतं का? नसेल तर तक्रार मंडळाकडे करता येते. करायची की नाही हे भावाला विचारा. काहींना तो विषय पुन्हा काढणं नको असतं, आणि तेही त्यांनी ठरवायचं.

प्रश्न : चाकणला कारखान्यात सुपरवायझर आहे. पॅनिक ॲटॅक येतात. एचआर म्हणतं, कंपनीच्या कौन्सेलरकडेच जा, बाहेर गेलात तर खर्च मिळणार नाही. कंपनीचा आरोग्य विमा आहे. काय करू?

उत्तर : "बाहेर जाऊ नका" आणि "बाहेरचा खर्च देणार नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्यांना सांगता येत नाही. दुसरी बहुधा येते.

कंपनीच्या कौन्सेलरकडे जाण्याआधी त्याला एकच विचारा: माझ्या नावानिशी काय काय कंपनीला कळवता? उत्तर लेखी मागा. समाधान झालं तर जा, फुकटची सोय सोडू नका. गोलमोल उत्तर आलं तर बाहेर जा.

विम्याचं म्हणाल तर, शारीरिक आजारांना ज्या तऱ्हेने संरक्षण देता तसंच मानसिक आजारांनाही द्या, असं मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१ विमा कंपन्यांना सांगतं. पण बऱ्याचशा पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीची फी मुळात कुणालाच देत नाहीत, मग ती हाडाच्या डॉक्टरांची असो की मनाच्या. कॅशलेस हवं असेल तर त्यांच्या यादीतलं रुग्णालय निवडावं लागतं. एचआरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. पॉलिसीची पूर्ण प्रत मागून घ्या आणि ओपीडीचं कलम स्वतः वाचा.

आणि कुणाकडेही जाण्याआधी एकदा साध्या फिजिशियनकडून ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. छातीत धडधड झाली की प्रत्येक वेळी ती मनाचीच असते असं नाही.